अंगठा

एकतीस हंगाम या अंगठ्यावर निघाले.
राळेगाव रस्त्यावरचं जिनिंग, फाटकाशी कडुनिंब,
निंबाखाली माझी खुर्ची,
तिच्या मोडक्या पायाला सुतळी गुंडाळलेली.
बंडी आली की मूठभर कापूस उपसायचा,
दोन नखांत धरून ओढायचा,
धागा कुठे तुटतो ते पाहायचं,
सरकी दाताखाली धरायची:
कट् वाजली तर कोरडी, दबली तर ओली.
मग बोलायचं. ए. बी. ओला. फरतड.
मी बोललो की भाव ठरला.
मालकानंही कधी विचारलं नाही, काहून?

या दसऱ्याला काटापूजन झालं
तेव्हा काट्याशेजारी एक यंत्र होतं, डब्याएवढं,
दोन सुया, एक हिरवा आकडा.
हळदकुंकू त्यालाही लागलं.
ते चालवायला आली रुचिता उईके,
बावीस वर्षांची, पायात बूट,
केस बांधताना पिन ओठांत धरणारी.

मी काय केलं ते सांगतो, लपवून कोणाचं भलं?
पहिल्या आठवड्यात चार्जर निंबाच्या ढोलीत टाकला.
दुसऱ्या आठवड्यात हमालांना म्हटलं,
"या सुयाईनं कापसाले करंट लागते बाप्पा."
सोनबा हसला,
पण पोतं दोन हात लांबूनच टाकू लागला.
रुचिता काही बोलली नाही.
घरून दुसरा चार्जर घेऊन आली.

मग एका मंगळवारी मालक म्हणाला,
तिनं आकडा लिहावा, तुम्ही प्रत लिहा,
संध्याकाळी वह्या शेजारी ठेवू.
ठेवल्या.
चाळीस गाड्यांतल्या बत्तीस जुळल्या.
छाती फुगली माझी, खोटं कशाला.
उरल्या आठ.
सहा गाड्या पार्वताबाई कुमरे, तिचा जावई,
आणि त्यांच्याच वेटाळातले चौघे.
सहांवरही मी लिहिलं होतं, ओला.
यंत्र म्हणत होतं, साडेसात. कोरडाठाक.
राहिलेल्या दोन सरपंचाच्या भावाच्या.
त्या ओल्या होत्या. मी ए दिला होता.

"मशीनच चुकली असन, काकाजी,"
रुचिता म्हणाली.
कुमरे. उईके. नावं तिनंही वाचली होती.

त्या रात्री बल्बाखाली अंगठा पाहत बसलो.
बायको म्हणाली, भाजलं का?
मला वाटायचं अंगठ्याला डोळे नसतात.
पण बंडी फाटकात वळतानाच
त्याला ठाऊक असायचं, ती कोणाची.
सहा सापडल्या एका दिवसात.
मागच्या एकतीस हंगामांची वही कुठे शोधू?
तेव्हा दुसरी वही नव्हतीच.

सकाळी ढोलीत हात घातला.
चार्जरला मुंग्या लागलेल्या,
फुंकून तिच्यापुढे ठेवला.
माफी मागितली नाही. मला ते येत नाही.
म्हटलं, पोरी, सुया वरच्या वर नको खुपसू.
लोक उन्हाचा कापूस वर ठेवतात,
रात्री पाणी मारलेला खाली.
कोपरापर्यंत हात जाऊ दे.
तिनं बाही सारली, हात घातला.
आकडा नवावरून सतरावर गेला.
ती हसली, महिन्याभरात पहिल्यांदा.
"कोनाची गाडी होय, काकाजी?"
"नोको इचारू," मी म्हणालो.

खुर्ची आता फिरवून ठेवली आहे,
फाटकाकडे पाठ.
सोनबा नमुना हातात देतो, नाव मागून येतं.
अंगठा अजून कान टवकारतो,
बैलाच्या घुंगरावरून बंडी ओळखतो.
खोड आहे, इतक्यात जायची नाही.

संक्रांतीनंतर पार्वताबाई शेवटचा वेचा घेऊन आली.
मी म्हटलं, फरतड.
ती भडकली. "तुमचं नाई आयकत मी आता.
त्या मशीनले इचारा."
यंत्राला ओल कळते, फरतड कळत नाही.
मग काय करतो.
खाली बसलो तिच्यासमोर,
एक चिमूट तिच्याच नखांत दिली
आणि म्हटलं, ओढ बाई,
तूच पाहा
कुठे तुटते.